ओयांतायतांबो : अर्धवट राहिलेले इंका मंदिर पाहायला जाताना

पेरूला जाणारे बहुतेक प्रवासी ओयांतायतांबो हे गाव पाहतात ते माचू पिचू या प्रसिद्ध इंका नगराला जाणाऱ्या आगगाडीची वाट बघता बघता. सहलीची बस दुपारी गावात येते, तासाभरात पायऱ्या चढून-उतरून होतात आणि मंडळी गाडीत बसून पुढे निघून जातात. स्पॅनिश येण्यापूर्वी अँडीज पर्वतात राज्य करणाऱ्या इंकांच्या दगडकामाविषयी ज्याला खरोखर कुतूहल आहे त्याने असे करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. माचू पिचू येथे आपल्याला पुष्कळशी तयार झालेली वास्तू दिसते. ओयांतायतांबोला काम चालू असतानाच थांबले, त्यामुळे दगड कुठून आणला, कसा ओढला, कसा ठोकला आणि कसा बसवला हे सारे एकाच जागी उघडे पडलेले दिसते. शिवाय इंकांनी आखलेल्या गल्ल्यांत लोक आजही राहतात. या गावात किमान दोन रात्री मुक्काम करावा, आणि तो कसा करावा, हे पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी क्रमाने सांगतो.

निघण्यापूर्वी

पहिले काम कागदपत्रांचे. भारतीय पारपत्रावर पेरूचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला व्हिसा, किंवा तिथला कायम वास्तव्याचा परवाना ज्यांच्याकडे आहे, त्यांना पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. नोकरीनिमित्त अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही सवलत विशेष उपयोगी पडते. भारतातून निघणाऱ्यांनी दिल्लीतील पेरूच्या दूतावासाकडून ताजे नियम तपासून घ्यावेत आणि विमान अमेरिकेतून जाणार असेल तर नुसते विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे लक्षात ठेवावे.

दुसरे काम पीतज्वराच्या लशीचे असून ते अनेक जण विसरतात. कुस्को या इंकांच्या जुन्या राजधानीत आणि आसपासच्या उंच डोंगराळ भागात पीतज्वराचा धोका नसतो, म्हणून परदेशी मार्गदर्शिकांत ‘या भागासाठी लस नको’ असे लिहिलेले आढळते. परंतु पेरूचा काही भाग ॲमेझॉनच्या जंगलात येत असल्याने भारत सरकार पेरूला पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत धरते, आणि तिथून सहा दिवसांच्या आत भारतात परतणाऱ्या प्रवाशाकडे लशीचा दाखला नसेल तर त्याला विलगीकरणात ठेवता येते. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला टोचणीनंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरला जातो, म्हणून हे काम निघण्याच्या किमान महिनाभर आधी उरकावे. एकदा घेतलेला दाखला आयुष्यभर चालतो.

तिसरा प्रश्न ऋतूचा. पेरू विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. या डोंगरांत मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम असतो आणि डिसेंबर ते मार्च जोराचा पाऊस पडतो. म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी या प्रवासाला उत्तम, तर नाताळची सुट्टी बरीचशी प्रतिकूल. मे महिन्यात पावसाने हिरवे झालेले डोंगर अजून पुरते सुकलेले नसतात आणि गर्दीही वाढलेली नसते. २४ जूनला कुस्कोत ‘इंती राय्मी’ हा सूर्याचा उत्सव असतो आणि त्यासुमारास राहण्याच्या जागा मिळणे कठीण होते. कोरड्या हंगामात दिवसा कडक ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी असते, म्हणून एकच जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे तीन-चार कपडे, रुंद काठाची टोपी आणि उन्हाचे मलम न्यावे. उंचीवरचे ऊन अंगाला गार वाटते, पण कातडी भाजून काढते.

आधी खाली उतरा, मग चढा

या प्रवासातली सर्वांत महत्त्वाची सूचना हीच आहे. पेरूची राजधानी लिमा समुद्रकाठी आहे. तिथून विमान सव्वा-दीड तासात कुस्कोला, म्हणजे सुमारे ३४०० मीटर उंचीवर उतरवते. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर आहे. त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर आपण एका सकाळी जाऊन पोहोचतो आणि शरीराला जुळवून घ्यायला काही वेळच मिळत नाही. डोके ठणकणे, मळमळणे, भूक मरणे, झोप न लागणे, चार पायऱ्यांत धाप लागणे या त्रासाला तिथे ‘सोरोचे’ म्हणतात. सह्याद्रीतले किल्ले नेहमी चढणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहावे, कारण हा त्रास पायांतल्या ताकदीवर अवलंबून नसतो. उलट धडधाकट माणूस पहिल्याच दिवशी भराभर चालतो आणि रात्री आजारी पडतो.

ओयांतायतांबो सुमारे २८०० मीटरवर, म्हणजे कुस्कोपेक्षा सहाशे मीटर खाली आहे. म्हणून कुस्कोच्या विमानतळावर उतरल्यावर शहरात मुक्काम न करता थेट ओयांतायतांबोला निघावे, पहिल्या दोन रात्री तिथे काढाव्यात, तिथूनच माचू पिचूला (सुमारे २४३० मीटर) जाऊन यावे आणि कुस्को शहर शेवटी पाहावे. हा क्रम नेहमीच्या सहलींच्या उलटा आहे, पण शरीराला तोच मानवतो. विमानतळावरून टॅक्सीने साधारण दोन तास लागतात. कुस्को शहरातून जायचे झाल्यास पावितोस नावाच्या रस्त्यावरून ‘कोलेक्तिवो’, म्हणजे माणसे भरली की सुटणाऱ्या सामायिक गाड्या मिळतात. वाटेत चिंचेरोजवळ रस्ता ३७०० मीटरच्या वर चढतो आणि मग उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरतो. तेवढ्या वेळात डोके जड झाले तर घाबरण्याचे कारण नाही.

पहिल्या दिवशी पोटभर जेवू नये, मद्य घेऊ नये, पाणी वरचेवर प्यावे आणि जिना चढतानासुद्धा घाई करू नये. ॲसिटाझोलामाइड हे औषध काही डॉक्टर आधीपासून घ्यायला सांगतात, पण सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी, हृदयाचे किंवा फुप्फुसाचे दुखणे असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही घेऊ नये. विश्रांती घेऊनही धाप थांबत नसेल, चालताना तोल जात असेल किंवा बोलण्यात गोंधळ होत असेल, तर उद्यापर्यंत वाट न पाहता खाली उतरावे आणि दवाखाना गाठावा.

हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा आपुलकीने पुढे केला जातो. पेरूत तो कायदेशीर आहे आणि अँडीजमधील लोकांच्या जीवनात त्या पानांना पूजेचे स्थान आहे. परंतु ती पाने किंवा त्या चहाच्या पिशव्या भारतात आणणे हा गुन्हा आहे आणि अमेरिकेतही त्यांना मनाई आहे. ज्यांच्या नोकरीत अमली पदार्थांची चाचणी होते त्यांनी तो चहा पिऊही नये, कारण चाचणीत त्याचा अंश उतरू शकतो. त्यांच्यासाठी ‘मुन्या’ हा पुदिन्यासारख्या वासाच्या रानवनस्पतीचा चहा आहे, आणि तो पोटालाही बरा.

तिकीट आणि पैसे

ओयांतायतांबोच्या अवशेषांचे सुटे तिकीट मिळत नाही. कुस्को परिसरातील सोळा ठिकाणांसाठी ‘बोलेतो तुरिस्तिको’ नावाचे एकत्रित तिकीट आहे. परदेशी प्रौढांसाठी दहा दिवसांच्या पूर्ण तिकिटाचा दर बरीच वर्षे १३० सोल (पेरूचे चलन) राहिला आहे. पीसाक, ओयांतायतांबो, चिंचेरो आणि मोराय या चार ठिकाणांपुरते, दोन दिवस चालणारे अर्धे तिकीट ७० सोलांना मिळत आले आहे. कुस्कोच्या माथ्यावरचे साक्सायवामान हे इंकाकालीन बांधकाम पाहायचे असेल, आणि ते पाहिलेच पाहिजे, तर पूर्ण तिकीटच घ्यावे. माचू पिचू, मारासची मिठागरे आणि कुस्कोतील ‘कोरिकांचा’ हे मंदिर या तिकिटात येत नाहीत. तिकीट प्रवेशद्वारावर मिळते, मात्र रोख सोल जवळ ठेवावेत आणि नोटा घेताना नीट पाहाव्यात, कारण जराशी फाटलेली नोटही तिथे कोणी घेत नाही.

पहिली दुपार : गाव

पोहोचल्या दिवशी चढण टाळायची आहे, तेव्हा ती दुपार गावासाठी ठेवावी. ‘तांपू’ या केचुआ, म्हणजे इंकांच्या भाषेतील, शब्दाचा अर्थ मुक्कामाची जागा, आपल्याकडे वाटसरूंसाठी धर्मशाळा असत तशी. इंकांच्या राजमार्गांवर ठरावीक अंतरावर असे तांपू होते. पंधराव्या शतकाच्या मध्यास पाचाकुती या सम्राटाने हे खोरे जिंकले, गाव नव्याने वसवले आणि ते आपल्या खासगी मालकीत घेतले.

चौकाच्या उत्तरेला जो जुना भाग आहे त्याला ‘कोस्को आय्यु’ म्हणतात. गल्ल्या सरळ रेषेत एकमेकींना छेदतात आणि प्रत्येक चौरसात ‘कांचा’ म्हणजे मधल्या अंगणाभोवती खोल्या असलेली घरे आहेत. चौसोपी वाड्याची रचना मनात आणली तर ही मांडणी चटकन समजते. भिंतींचा खालचा भाग इंकाकालीन दगडी, तर वरचा भाग पुढच्या काळातला कच्च्या विटांचा असतो, आणि दोन्हींच्या मधली रेषा डोळ्यांना स्पष्ट कळते. दरवाजे तळाशी रुंद आणि वर निमुळते आहेत. चौकटीला आतून दुसरी चौकट कोरलेली असेल तर ती जागा मानाची, असे समजावे. गल्लीच्या कडेने दगडी पाटातून डोंगरातले पाणी आजही खळाळत जाते.

ही माणसांची राहती घरे आहेत, हे मात्र क्षणभरही विसरू नये. दार उघडे दिसले म्हणून आत डोकावून छायाचित्रे काढणे असभ्यपणाचे आहे. काही घरांत पाहुण्यांना बोलावतात, तिथे विचारून जावे आणि काहीतरी विकत घ्यावे. ‘अल्यिल्यांचु’ म्हणजे ‘बरे आहात ना’ आणि ‘सुल्पायकी’ म्हणजे ‘आभारी आहे’, हे दोन केचुआ शब्द म्हातारी माणसे ऐकतात तेव्हा त्यांचा चेहरा खुलतो.

दुसरी सकाळ : मंदिर

प्रवेशद्वार सकाळी सातच्या सुमारास उघडते. तेव्हाच आत शिरावे. सहलींच्या बसगाड्या सकाळी पीसाक, दुपारी उरुबांबा गावात जेवण आणि मग ओयांतायतांबो असा क्रम ठेवतात, त्यामुळे दुपारनंतर पायऱ्यांवर माणसांची रांग लागते. माहीतगार माणूस बरोबर हवा असेल तर प्रवेशद्वाराशी परवानाधारक मार्गदर्शक मिळतात. ओळखपत्र पाहून आणि पैसे आधी ठरवून त्यांना घ्यावे.

समोर डोंगराच्या कुशीत एकावर एक चढत गेलेले प्रचंड टप्पे दिसतात. आपल्याकडच्या पायऱ्यांच्या शेतीत बांध कमरेएवढा असतो, तर येथे प्रत्येक बांध पुरुषभर उंच आहे. कडेने सुमारे दोनशे पायऱ्या वर जातात. वीस-पंचवीस पायऱ्यांनी थांबावे आणि भिंतीतले दगड पाहावेत. जसजसे वर जाऊ तसतसा दगडाचा दर्जा बदलत जातो. खालच्या बांधांना ओबडधोबड दगड आहेत, आणि वर दहा कोनाड्यांच्या भिंतीशी पोहोचलो की चिऱ्यांच्या दरजेत सुरीचे पातेही शिरत नाही. चुना किंवा कसलाही लेप तिथे नाही. या भिंतीच्या पृष्ठभागावर जागोजागी दगडाचे छोटे उंचवटे शिल्लक आहेत. दगड उचलताना-सरकवताना दोर किंवा पहारी अडकवण्यासाठी ते ठेवले असावेत आणि काम संपल्यावर ठोकून काढायचे असावेत, असा तर्क आहे. ते अजून जागेवर आहेत, म्हणजे अखेरचा हात फिरायचाच राहिला.

त्याच्या वर, माथ्यावर, सहा महाशिलांची भिंत उभी आहे. गुलाबी छटेच्या रायोलाइट दगडाच्या सहा शिला, प्रत्येक माणसाच्या दुपटीहून उंच आणि कित्येक टन वजनाची, आणि दर दोन शिलांमध्ये दगडाचीच एक अरुंद पट्टी. इंकांच्या बांधकामात अशा पट्ट्या विरळाच दिसतात. एका शिलेवर पायऱ्यांच्या आकाराची नक्षी एकाखाली एक कोरलेली होती, तिचे झिजलेले अवशेष तिरप्या उन्हात नीट दिसतात. सकाळी लवकर यायचे ते यासाठीही. या भिंतीला सूर्यमंदिर म्हणतात, पण ते मंदिर पुरे झालेच नाही.

येथे किमान तासभर थांबावे आणि भिंतीइतकेच आजूबाजूला पडलेल्या शिलांकडे लक्ष द्यावे. काहींची एक बाजू गुळगुळीत झाली असून तिच्यावर एकाच दिशेने ओरखडे आहेत: जमिनीवरून ओढून आणल्याच्या त्या खुणा. काहींमध्ये इंग्रजी टी अक्षरासारखी खाच आहे. अशा खाचा बोलिव्हियातील तिवानाकूच्या प्राचीन अवशेषांतही आढळतात आणि तिथे त्यांत धातूचे आकडे बसवून दगड सांधलेले होते. दगडाच्या पृष्ठभागावर बारीक खळगे दिसतील. मध्यभागी ते मोठे आणि कडेला, सांध्याजवळ, अगदी लहान असतात. हे टाकीचे घाव नव्हेत, कारण इंकांकडे लोखंड नव्हते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील वास्तुशास्त्राचे प्राध्यापक ज्यां-पिएर प्रोत्झेन यांनी इंकांच्या खाणींत मिळालेल्या कठीण गोट्यांसारखेच गोटे हाती घेऊन स्वतः दगड घडवून पाहिला. मोठ्या गोट्याने आधी रूप द्यायचे आणि लहान गोट्याने कडा साधायच्या, अशा रीतीने हे काम माणसाच्या हातांनी नीट होते, हे त्यांनी दाखवले. परग्रहवासीयांनी ही भिंत रचली असे सांगणारे काही जण तिथे भेटतात. हातांच्या खुणा डोळ्यांसमोर असताना त्या कारागिरांचे श्रेय असे हिरावून घेणे मला अन्यायाचे वाटते.

माथ्यावरून नदीपलीकडच्या डोंगराकडे पाहावे. कित्येक शे मीटर वर काचिकाता नावाची खाण आहे. या शिला तिथून घसरवत खाली आणल्या, उरुबांबा नदी ओलांडली आणि बांधीव उताराच्या रस्त्याने या माथ्यावर चढवल्या. तो उतार आजही ओळखता येतो. वाटेत सोडून दिलेल्या शिलांना स्थानिक लोक ‘थकलेले दगड’ म्हणतात. काम का थांबले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. स्पॅनिश १५३२ मध्ये पेरूत आले हे एक संभाव्य कारण आहे.

याच माथ्यावर उभे राहून खालचे सपाट शेत पाहावे. स्पॅनिशांच्या ताब्यातल्या कुस्कोला घातलेला वेढा अयशस्वी ठरल्यावर मांको इंका या बंडखोर इंका राजाने ओयांतायतांबोला आपले ठाणे केले आणि १५३७ च्या सुरुवातीस एर्नांदो पिसारो या स्पॅनिश सेनानीने घोडेस्वारांसह त्याच्यावर चाल केली. वरून दगडबाणांचा वर्षाव झालाच, शिवाय मांकोने पाटांचे पाणी फोडून सपाटीवर सोडले आणि घोडे चिखलात रुतले. स्पॅनिशांना माघार घ्यावी लागली. परंतु ही जागा फार काळ राखता येणार नाही हे ओळखून मांको त्याच वर्षी विल्काबांबाच्या जंगलाकडे निघून गेला. ज्या पाटांनी शेती भिजवली त्यांनीच शत्रूला अडवले, हे ध्यानात ठेवून खाली उतरल्यावर पाण्याचा भाग पाहावा. तिथले ‘बान्यो दे ला न्युस्ता’ (राजकन्येचे स्नानगृह) हे एका अखंड दगडातून कोरलेले कारंजे आहे, आणि त्याची धार अजून अखंड वाहते.

भिंतींना हात लावू नये, दगडांवर चढू नये, काठी असेल तर तिच्या टोकाला रबर असावे. उतरताना वर चढण्यापेक्षा अधिक जपावे, कारण बाजूला कठडे नाहीत.

समोरची कोठारे, आणि ज्यांना आणखी एक दिवस आहे त्यांच्यासाठी खाण

गावाच्या दुसऱ्या बाजूला पिंकुय्युना नावाचा उभा डोंगर आहे. तिथे जायला तिकीट लागत नाही. अर्ध्या कड्यावर दिसणाऱ्या लांबट इमारती म्हणजे इंकांची धान्यकोठारे, ‘कोल्का’. दरीतून वर येणारा वारा आणि उंचीवरचा गारवा यांमुळे धान्य टिकत असे. वाट अरुंद आणि निसरडी असून एका बाजूला दरी आहे, म्हणून पाऊस पडला असेल किंवा उंचीची भीती वाटत असेल तर हा बेत सरळ सोडावा. वर गेल्यावर समोरचे मंदिर आणि त्याचा उतार एका नजरेत दिसतो, तेव्हा सकाळी जवळून पाहिलेल्या गोष्टींचा मेळ बसतो.

खाणीची चाल लांबची आहे. गावाबाहेर उरुबांबावर पूल आहे, त्याचा पायथा इंकाकालीन, आणि तिथून वर जायला-यायला दिवसाचा मोठा भाग लागतो. वाटेत सावली आणि पाणी नाही. उंचीची सवय होण्याआधी, म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या आधी, तिकडे जाऊ नये.

शाकाहारी जेवण

या खोऱ्यातला पांढरा मका दाण्याने फार मोठा असतो. उकडलेल्या कणसाबरोबर चीजचा तुकडा देतात, त्याला ‘चोक्लो कोन केसो’ म्हणतात. कीनवाचे सूप आणि बटाट्याचे नाना प्रकार सगळीकडे मिळतात. आपल्या उपवासाला चालणारा बटाटा मूळचा याच डोंगरांतला आहे. मात्र ‘कार्ने’ (मांस) या शब्दात तिथे पुष्कळदा कोंबडी धरत नाहीत, म्हणून ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ (मांस, कोंबडी, मासे नकोत) असे तिन्ही सांगावे आणि सुपाचे पाणी कोंबडीचे आहे का, हे वेगळे विचारावे. नळाचे पाणी पिऊ नये. बांबूच्या टोकाला लाल कापड किंवा पिशवी बांधलेली दिसली तर त्या घरी ‘चिचा’, म्हणजे मक्याचे आंबवलेले पेय मिळते. उंचीची सवय झाल्यावर थोडे चाखायला हरकत नाही.

पुढे निघताना

माचू पिचूचे तिकीट वेळेसह ठरलेले असते आणि हंगामात ते कित्येक आठवडे आधी संपते, म्हणून विमानाच्या तिकिटानंतर लगेच तेच काढावे आणि आगगाडीचे आरक्षण त्याच्याशी जुळवून घ्यावे. गाडीत मोठ्या बॅगा नेता येत नाहीत. ओयांतायतांबोतील बहुतेक निवासांत सामान ठेवून घेतात, तिथेच ते ठेवून एक छोटी पिशवी घेऊन निघावे. स्थानक मंदिरापासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे आणि गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी पारपत्र दाखवावे लागते. आसन निवडता आले तर जाताना डावी खिडकी घ्यावी, नदी त्या बाजूने वाहते.